पृथ्वीनिकट लघुग्रह

सूर्याभोवती फिरताना ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेजवळ येते किंवा तिला छेदते, अशा लघुग्रहांना पृथ्वीनिकट लघुग्रह म्हणतात. लघुग्रहाच्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू १.३ खगोलीय एककांच्या आत असल्यास तो या गटात मोडतो. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. आतापर्यंत असे ३५ हजारांहून अधिक लघुग्रह नोंदले गेले आहेत.

संभाव्य धोकादायक लघुग्रह

ज्या लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ०.०५ खगोलीय एककांपेक्षा (सुमारे ७५ लाख किलोमीटर) कमी अंतरावर येते आणि ज्याचा व्यास साधारण १४० मीटर किंवा त्याहून अधिक असतो, त्याला 'संभाव्य धोकादायक' म्हटले जाते. ही संज्ञा केवळ वर्गीकरणाची आहे. तो पृथ्वीवर आदळणार आहे, असा तिचा अर्थ नाही. खगोलशास्त्रात 'जवळून' हा शब्दही सापेक्ष आहे. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे आणि जवळून गेल्याची बातमी होणारे बहुतेक मोठे लघुग्रह याच्या कित्येक पट अंतरावरून जातात.

काही उल्लेखनीय उदाहरणे

हर्मिस हा लघुग्रह १९३७ मध्ये सुमारे ७.४ लाख किलोमीटर अंतरावरून गेला. पुरेशी निरीक्षणे न मिळाल्याने त्याची कक्षा निश्चित झाली नाही. तो हरवला आणि २००३ मध्येच पुन्हा सापडला. टाउटाटिस २९ सप्टेंबर २००४ रोजी सुमारे १५.५ लाख किलोमीटरवरून, तर सुमारे साडेचार किलोमीटर व्यासाचा फ्लॉरेन्स १ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे ७० लाख किलोमीटरवरून गेला. फ्लॉरेन्सला दोन छोटे चंद्र असल्याचे त्या वेळच्या रडार निरीक्षणांत आढळले.

सुमारे ३४० मीटर आकाराचा अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी (भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलच्या पहाटे) पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. हे अंतर भूस्थिर उपग्रहांच्या उंचीपेक्षाही कमी आहे. युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकेल. २००४ मध्ये शोध लागल्यानंतर काही दिवस त्याच्या आघाताची शक्यता २.७ टक्के मानली गेली होती. पुढील निरीक्षणांनंतर किमान शंभर वर्षे त्याचा धोका नसल्याचे २०२१ मध्ये स्पष्ट झाले.

लोणार विवर

अशा पिंडाच्या आघाताचा ठळक पुरावा मराठवाड्याच्या सीमेलगत, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे आहे. हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून दख्खनच्या बेसॉल्ट खडकात तयार झाले आहे. लातूर जिल्हा आणि नांदेड जिल्ह्याचा मोठा भाग याच खडकावर वसलेला आहे. पूर्वी अनेक जण लोणारला ज्वालामुखीचे मुख समजत. परंतु आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच तेथे आढळल्याने १९७० च्या दशकात अशनिपाताला पुष्टी मिळाली. विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. विवराचा व्यास आदळणाऱ्या पिंडाच्या साधारण १० ते २० पट असतो. म्हणजे लोणारचा अशनी शंभर-दोनशे मीटरपेक्षा मोठा नसावा.

शोध आणि भाकीत

१९९३ च्या किल्लारी भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगता आली नाही. भूकंपाचे असे भाकीत आजही शक्य नाही. लघुग्रहाचे तसे नसते. पुरेशा निरीक्षणांतून कक्षा नीट ठरली की त्याची पुढील अनेक दशकांतील स्थाने गणिताने काढता येतात. मात्र त्यासाठी तो आधी सापडावा लागतो. एक किलोमीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी ९० टक्क्यांहून अधिक सापडले आहेत. लहान पिंड मात्र नजरेतून सुटतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा अशनी सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी दिसला नाही. त्या स्फोटात हजाराहून अधिक लोक जखमी झाले, त्यांतील अनेक जण फुटलेल्या काचांमुळे. १६ ऑगस्ट २०२० रोजी '२०२० क्यूजी' हा मोटारीएवढा लघुग्रह पृष्ठभागापासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेला. पॅलोमार वेधशाळेच्या प्रतिमांत तो प्रथम ओळखणाऱ्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी होते. परंतु तोपर्यंत तो पृथ्वीजवळून निघून जाऊन काही तास झाले होते.

बचावाचे प्रयत्न

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या पिंडावर मुद्दाम आदळवण्यात आले. हा पिंड डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरतो. धडकेमुळे त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. लघुग्रहाचा वेग अत्यल्प बदलला, तरी काही वर्षांत त्याचे स्थान हजारो किलोमीटरने सरकते व आघात टळू शकतो. म्हणूनच या उपायाचे यश पिंड किती वर्षे आधी सापडतो, यावर अवलंबून असते.