ऑस्कर वाइल्ड: फिर्यादी म्हणून कोर्टात गेला, आरोपी होऊन अडकला

लंडनमध्ये एकाच वेळी दोन थिएटरांत नाटकं हाऊसफुल्ल. आणि तीनच महिन्यांत तोच नाटककार सक्तमजुरीचा कैदी. ऑस्कर वाइल्डच्या बाबतीत १८९५ साली हे घडलं. तेही त्याने स्वतः दाखल केलेल्या खटल्यातून.

कोण होता वाइल्ड?

जन्म १८५४, डब्लिन. वडील नामांकित डोळ्यांचे व कानांचे सर्जन, आई कवयित्री. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डला. हजरजबाबी बोलणं आणि झोकदार कपडे यांमुळे लेखनाआधीच त्याचं नाव झालं. १८८४ मध्ये कॉन्स्टन्स लॉइडशी लग्न, दोन मुलगे. ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ या कादंबरीवर अनीतीचा आरोप झाला, तरी नाटकं मात्र तुफान चालली. ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ १४ फेब्रुवारी १८९५ रोजी रंगमंचावर आलं.

कार्डावरची एक ओळ

लॉर्ड आल्फ्रेड डग्लस या तरुणाशी वाइल्डचे प्रेमसंबंध होते. डग्लसचे वडील म्हणजे क्वीन्सबरीचे मार्क्विस, बॉक्सिंगच्या आधुनिक नियमांना ज्यांचं नाव आहे तेच. त्यांनी वाइल्डच्या क्लबात एक कार्ड ठेवलं. त्यावर समलैंगिकतेचा आरोप होता, तोही चुकीच्या स्पेलिंगसह.

कार्ड फाडून टाकलं असतं तर विषय कदाचित तिथेच मिटला असता. मित्रांनीही ‘सोडून दे’ असंच सांगितलं. पण डग्लसला वडिलांना धडा शिकवायचा होता. वाइल्डने फौजदारी बदनामीची फिर्याद ठोकली.

डाव कसा उलटला?

इथेच कायद्याची मेख आहे. अशा खटल्यात ‘आरोप खरा आहे आणि तो लोकहितासाठी केला’ हे सिद्ध झालं की आरोपी सुटतो. म्हणजे बचाव पक्षाला फिर्यादीचं अख्खं खासगी आयुष्य उकरायची मोकळीक मिळते. क्वीन्सबरींनी खासगी गुप्तहेर लावून साक्षीदार गोळा केले. त्यांचे वकील एडवर्ड कार्सन हे वाइल्डचे ट्रिनिटीतले जुने सहाध्यायी. उलटतपासणीत वाइल्ड विनोद करत राहिला आणि एका उत्तरात घसरला.

५ एप्रिलला त्याने माघार घेतली, क्वीन्सबरी निर्दोष सुटले. जमलेले पुरावे सरकारकडे गेले आणि त्याच संध्याकाळी वाइल्डला अटक झाली. पहिल्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात २५ मे रोजी शिक्षा लागली: दोन वर्षं सक्तमजुरी. १८८५ च्या कायद्यात या गुन्ह्याला तेवढीच कमाल शिक्षा होती.

पैसाही गेला, घरही

क्वीन्सबरींचा कोर्टखर्च वाइल्डच्या माथी बसला. ‘खर्च आमचं घराणं देईल’ असा डग्लसचा शब्द होता, पण पैसे आलेच नाहीत, असं वाइल्डने पुढे तुरुंगातून लिहिलं. घरातल्या पुस्तकांसह सामानाचा लिलाव झाला, दिवाळं निघालं. जाहिरातींवरून त्याचं नाव काढलं गेलं, मग नाटकंही बंद पडली. बायकोने मुलांचं आडनाव बदललं. मुलं त्याला पुन्हा कधीच भेटली नाहीत.

१८९७ मध्ये सुटल्यावर तो फ्रान्सला गेला. रेडिंग तुरुंगावरची दीर्घ कविता आधी त्याच्या नावाने नव्हे, तर ‘सी.३.३.’ या कोठडी क्रमांकाने छापली गेली. ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमधल्या साध्याशा हॉटेलात तो वारला. वय अवघं ४६.

आपल्याशी संबंध काय?

त्याच ब्रिटिश राजवटीने १८६० च्या दंड संहितेत कलम ३७७ आपल्याकडे आणलं. इंग्लंडने असा कायदा १९६७ मध्ये सैल केला. भारतात सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ठरवलं. म्हणजे वाइल्डच्या शिक्षेनंतर १२३ वर्षांनी.

फौजदारी बदनामीचा कायदा मात्र आपल्याकडे आजही आहे. सत्य आणि लोकहित हा बचावही त्यात आहे. अब्रूसाठी कोर्टाची पायरी चढताना तिथे आपलंही सगळं उघडं पडू शकतं, हे वाइल्डला फार उशिरा कळलं.