दिवाळीचा फरक

कांदा चाळीत ठेवता येतो. सोयाबीन पोत्यात भरून भाव चढायची वाट पाहता येते. दुधाचं तसं नाही. सकाळचं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासतं, आणि संध्याकाळी धार काढावीच लागते. दारात दोन म्हशी असलेल्याला रोज दोनदा विकणं भाग असतं. घेणारा एकच असेल, तर तो सांगेल तो भाव. खेड्यातल्या विषमतेचं एक मूळ इतकं साधं आहे: विकणाऱ्याला थांबता येत नाही, घेणाऱ्याला येतं.

गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात हेच चाललं होतं. तिथलं दूध मुंबईला जायचं, पण मध्ये पोल्सन कंपनीची मक्तेदारी होती. मुंबईतल्या भावाचा फायदा गोठ्यापर्यंत येत नव्हता. १९४६ साली शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणं बंद केलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला आणंदला त्यांचा जिल्हा संघ नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. हाच पुढे 'अमूल' झाला. कोल्हापूरचं 'गोकुळ' १९६३ सालचं. रचना तीच: तळाला गावची दूध संस्था, वर जिल्हा संघ.

ही रचना पैसा कसा वळवते, ते एका किटलीच्या मागे जाऊन पाहू.

किटली संस्थेत येते. आधी दूध मोजतात, मग नमुना यंत्रात जातो. यंत्र दोन आकडे सांगतं. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वगळून उरलेले घन पदार्थ. म्हशीच्या दुधाचा दर साधारण ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून जाहीर होतो, आणि आकडे हलले की दरही हलतो. पाच लिटरवाल्या बाईला आणि पन्नास लिटरवाल्या पाटलांना दरपत्रक एकच. खाजगी व्यवहारात जास्त माल आणणाऱ्याला भाव ताणून घेता येतो, कमीवाल्याला मिळेल ते घ्यावं लागतं. इथे घासाघीस यंत्राशी होत नाही. मात्र यंत्र नीट जुळवलेलं हवं आणि पावती हातात पडायला हवी. नाहीतर संस्थेची पाटीच तेवढी सहकारी.

दुसरी पायरी बिलाची. कोल्हापुरात ते दर दहा दिवसांनी निघतं. संस्थेतून उचललेल्या पशुखाद्याचे पैसे कापून उरलेली रक्कम सभासदाला मिळते. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो. दूध महिन्यातून तीनदा देतं. किराणा, शाळेची फी, औषधं यांसाठी सावकाराकडे जाण्याची वेळ त्यामुळे टळते. व्याजात जाणारा पैसा घरात राहणं, ही भाववाढीइतकीच मोठी कमाई आहे.

तिसरी पायरी गावाबाहेर आहे. संघ दूध चार अंशांच्या आसपास थंड करतो, म्हणजे त्याला 'थांबायला' शिकवतो. हिवाळ्यात, पुष्टकाळात, दुधाचा पूर येतो. पूर्वी अशा वेळी भाव कोसळायचा. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं तेव्हा मानलं जाई. आणंदला ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली. जास्तीचं दूध भुकटी आणि लोणी होऊन कृशकाळासाठी, म्हणजे दूध कमी पडतं त्या दिवसांसाठी, साठवता येऊ लागलं. एका गवळ्याला भुकटीचा कारखाना झेपणार नाही; हजारो किटल्या एकत्र आल्या म्हणून तो उभा राहिला.

चौथी पायरी फरकाची. वर्षाखेरीस हिशेबात जे उरतं, ते कंपनीत भांडवल घालणाऱ्याला जातं. इथे राखीव निधी वगैरे बाजूला काढल्यावर त्याचा मोठा भाग दूध घालणाऱ्याला, लिटरमागे, 'दर फरक' म्हणून परत येतो, बहुधा दिवाळीच्या तोंडावर. शेअरवरचा लाभांश मात्र महाराष्ट्राच्या कायद्याने १५ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. म्हणजे नुसते शेअर घेऊन बसणाऱ्याला इथे फारसं काही नाही.

आता आकडा मांडू. समजा, फरक लिटरला दोन रुपये आला. वर्षात दीड हजार लिटर घालणारीला तीन हजार मिळतील, पंधरा हजार लिटरवाल्याला तीस हजार. दोघांतलं अंतर मिटलं का? नाही. सहकार सगळ्यांना सारखं वाटत नाही. तो दलाल, सावकार आणि कोसळता भाव यांतून होणारी गळती बुजवतो. लहान घराला एकेक रुपया मोलाचा, म्हणून गळती थांबण्याचा आधार त्यालाच जास्त. ज्याच्या दारात जनावरच नाही, तो मात्र या साखळीच्या बाहेर राहतो. त्याला आधी म्हशीसाठी कर्ज हवं, आणि चाऱ्याला जागा.

शेवटची पायरी मताची. गावच्या संस्थेत एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. पण जिल्हा संघाच्या निवडणुकीत साधा सभासद मत देत नाही. प्रत्येक संस्था ठराव करून एक प्रतिनिधी नेमते, आणि हे ठरावधारक संचालक निवडतात. हजारो उत्पादकांची सत्ता अशी मोजक्या हातांत येते, म्हणून निवडणूक लागली की सगळ्यांची धावपळ ठरावांसाठी असते. शिवाय धार काढणारी, शेण काढणारी बाई आणि सभासद वहीतलं नाव पुष्कळदा वेगळं असतं. बिल नवऱ्याच्या खात्यावर, मतही त्याचंच.

म्हणून सहकार विषमता किती कमी करेल, हे शेवटी संस्थेतल्या तीन कागदांवर ठरतं: फॅटची पावती, सभासदांची वही आणि ठरावाचा कागद. पहिला रोज दोनदा हातात येतो. उरलेले दोन वार्षिक सभेत मागून बघावे लागतात.