इ. स. ७० ते ७९ : एका दशकातील जन्म-मृत्यू आणि दक्खनचा कालनिर्णय

प्रस्तावना : इ. स. ७० ते ७९ या दशकातील रोमन जगाच्या नोंदी ठळक आहेत. सम्राट हेड्रियन याचा जन्म २४ जानेवारी ७६ रोजी झाला. सम्राट व्हेस्पेशियन जून ७९ मध्ये निधन पावला आणि त्याच वर्षी व्हेसुव्हियसच्या उद्रेकात थोरला प्लिनी मृत्युमुखी पडला. त्याच काळातील दक्खनमध्ये कोण जन्मले, कोण निवर्तले, याची मात्र तिथीनिशी नोंद सापडत नाही. येथील कोरीव लेख प्रामुख्याने दानाचे आहेत. त्यांत राज्यवर्ष, पक्ष व दिवस येतात, राजाचे जन्म-मृत्यू येत नाहीत.

नहपानाचा काळ : क्षहरात क्षत्रप नहपान याच्या काळातील नाशिकच्या लेखांत ४१, ४२ व ४५, तर जुन्नरच्या लेखात ४६ हे वर्ष आढळते. ही वर्षे शक संवताची मानल्यास ४६वे वर्ष इ. स. १२४च्या सुमारास येते. राज्यवर्षे मानल्यास त्याची अखेर इ. स. ७८च्या आसपास नेता येते. हा फरक सुमारे अर्धशतकाचा आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. यावरून नहपानाची सत्ता संपुष्टात आल्याचे सिद्ध होते. त्याच्या मृत्यूचे वर्ष सिद्ध होत नाही.

गौतमीपुत्राचा मृत्यू : नाशिक येथील गौतमीपुत्राच्या २४व्या राज्यवर्षाच्या लेखात राजमातेस ‘जीवसुता’, म्हणजे जिचा पुत्र हयात आहे अशी, म्हटले आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात त्याच लेणीसमूहात गौतमी बलश्री दिवंगत पुत्राचे पराक्रम कोरविते. या दोन लेखांच्या दरम्यान राजाचा मृत्यू झाला, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. दक्खनच्या एका सम्राटाच्या मृत्यूची कालमर्यादा अशा रीतीने त्याच्या मातेच्या दोन लेखांवरून ठरते.

निष्कर्ष : प्राचीन दक्खनच्या राजांपुढे जन्म-मृत्यूची नेमकी वर्षे छापणे हे पुराव्यापलीकडे जाणे होय. अध्यापनात राज्यवर्ष, त्यामागील गृहीतक आणि संभाव्य कालमर्यादा ही तिन्ही एकत्र मांडल्यास विद्यार्थ्यास सनावळीबरोबरच ती सिद्ध करण्याची पद्धतही उमजेल.