रात्रीचा दर आणि दारची मोटार : एका दरबदलातील अडचणी

विजेवर चालणारी मोटार घेणाऱ्या गृहस्थाला विक्रेता जे हिशेब दाखवितो, त्यांत बहुधा एक वाक्य ठळकपणे असते : ‘रात्री घरीच चार्जिंग करा, खर्च अत्यल्प येईल.’ हे वाक्य खोटे नाही. पण ते खरे ठरण्यासाठी त्या गृहस्थाला आपल्या विजेची दरयोजना बदलावी लागते, आणि ही बदलाची वाट वरवर दिसते तितकी सरळ नाही. प्रस्तुत लेखात या अडचणींचे स्वरूप ब्रिटनच्या उदाहरणावरून तपासण्याचा विचार आहे. ब्रिटनची निवड करण्याचे कारण असे की, घरगुती ग्राहकाला आपला पुरवठादार स्वतः निवडण्याची मुभा तेथे १९९८-९९ पासून आहे, आणि रात्रीच्या स्वस्त विजेची परंपरा तर त्याहूनही जुनी आहे. अखेरीस महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे. तेथे हाच प्रश्न जवळजवळ उलटा होऊन समोर येतो.

प्रथम रात्रीची वीज स्वस्त का, हे पाहिले पाहिजे. वीज ही साठवून ठेवण्यास कठीण अशी वस्तू आहे. ज्या क्षणी ती वापरावयाची, जवळजवळ त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. कोळशाची आणि विशेषतः अणुशक्तीची केंद्रे रात्री बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणे खर्चाचे असते. दिवसा कारखाने, कचेऱ्या आणि स्वयंपाकघरे यांची मागणी असते. मध्यरात्रीनंतर ती ओसरते आणि यंत्रे मात्र फिरतच राहतात. ही रिकामी क्षमता कोणी तरी वापरावी, या हेतूने ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ ही दरयोजना आली. रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि उरलेले सतरा तास थोडी महाग, असे तिचे स्वरूप. विटांच्या गाभ्यात रात्री उष्णता साठवून दिवसा ती हळूहळू सोडणारी विद्युत्-शेगडी घरोघरी बसली ती याच योजनेच्या बळावर. आजची मोटार त्या शेगडीचीच जागा घेत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही : दोन्ही वस्तू रात्री भरून घेतात आणि दिवसा खर्च करतात.

त्या काळी मीटरची रचना सोपी होती. मीटरमध्ये दोन आकडेपट्ट्या; एक दिवसाची, एक रात्रीची. एका पट्टीवरून दुसरीवर जाण्याचे काम घड्याळ करी, किंवा पुढे रेडिओ करी. बी.बी.सी.च्या ‘रेडिओ फोर’ या कार्यक्रमाच्या १९८ किलोहर्ट्झ दीर्घलहरीत, ऐकणाऱ्याला कळणार नाही अशा रीतीने, एक संकेत मिसळलेला असे, आणि तो मिळताच देशभरातील लाखो मीटर आपली पट्टी बदलीत. ही यंत्रणा इतकी टिकली की, ३० जून २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यास आरंभ झाला तेव्हाही अनेक घरे तिच्यावर अवलंबून होती. अशा घरातील गृहस्थाने मोटार घेतली म्हणजे त्याची अडचण दुहेरी होते. जुन्या योजनेत सात तास स्वस्त असतात, तर मोटारीसाठीच्या कित्येक योजनांत चार किंवा पाचच; मात्र त्या तासांचा दर पुष्कळच कमी. मोटारीचे काम या चार तासांत होईल. शेगडीचे होईलच असे नाही. शिवाय पुष्कळ घरांत शेगड्यांची तारजोडणी स्वतंत्र असून तिच्यातून केवळ रात्रीच वीज वाहते. मीटर बदलताना ही जोडणी ध्यानात घेतली नाही, तर मोटार भरते आणि घर थंड राहते.

जुन्या घड्याळाच्या मीटरांचा एक विशेष येथे नोंदला पाहिजे. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. ही मीटरे मात्र बहुधा ग्रीनिच वेळेवरच चालत राहतात. मोटारीत ‘साडेबारा’ अशी वेळ लावून ठेवलेला माणूस उन्हाळ्यात सरसहा एक तास आधी वीज घेऊ लागतो. हा तास त्याला दिवसाच्या दराने पडतो, आणि बिलात त्याचे कारण कोठेही लिहिलेले नसते.

नव्या योजनांना दोन पट्ट्या पुरत नाहीत. त्यांना वीज दर अर्ध्या तासाला मोजणारा, आणि मोजलेले आकडे दूरसंदेशाने पाठविणारा ‘स्मार्ट मीटर’ लागतो. अर्धाच तास का, याचे उत्तर ग्राहकाच्या घरात नसून घाऊक बाजारात आहे. तेथे दिवसाचे अठ्ठेचाळीस भाग पाडलेले असून प्रत्येक भागाचा भाव वेगळा ठरतो. पण सामान्य घराने कोणत्या अर्ध्या तासात किती वीज घेतली, हे वर्षानुवर्षे कोणालाच ठाऊक नसे. म्हणून सर्व घरांचा एक सरासरी नमुना गृहीत धरून कंपन्यांचे आपसांतले हिशेब मिटविले जात. परिणाम असा की, एखाद्या कंपनीच्या ग्राहकांनी मागणी खरोखर मध्यरात्रीकडे सरकविली, तरी कंपनीच्या खरेदीच्या हिशेबात ती संध्याकाळीच दिसे. मग तिने स्वस्त दर द्यावा कशाच्या जोरावर ? अर्ध्या तासाचे खरे आकडे मिळू लागल्यावरच मोटारींसाठीच्या योजना शक्य झाल्या, आणि सर्वच घरांचे हिशेब या पद्धतीवर आणण्याचे काम ब्रिटनमध्ये २०२५ साली सुरू झाले. यास्तव कंपनी जेव्हा ‘आपल्या मीटरचे आकडे अद्याप येत नाहीत, सबब नवा दर लागू करता येत नाही’ असे कळविते, तेव्हा ती केवळ सबब सांगत असते असे नव्हे.

तथापि आकडे न येण्याची कारणे ग्राहकाच्या हातची नसतात. पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर त्या त्या कंपनीच्या यंत्रणेशी बांधलेले होते. ग्राहकाने कंपनी बदलली की त्यांतील पुष्कळ मीटर मुके होत, म्हणजे वीज मोजीत पण संदेश पाठवीत नसत. ज्या ग्राहकाने स्वस्त दरासाठी कंपनी बदलली, त्याचाच मीटर त्या बदलामुळे स्वस्त दराला अपात्र ठरावा, हा विरोधाभास त्या काळी अनेकांनी अनुभवला. पुढे हे मीटर मध्यवर्ती संदेशजालात घेण्यात आले आणि दुसऱ्या पिढीचे मीटर आरंभापासूनच त्या जालात होते. पण संदेशाची वाट सर्वत्र सारखी नाही. इंग्लंडच्या मध्य व दक्षिण भागांत आणि वेल्समध्ये ती मोबाइलच्या जालातून जाते, तर उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड येथे दीर्घ पल्ल्याच्या स्वतंत्र रेडिओवरून. तळघरात, जाड दगडी भिंतीआड किंवा दरीतल्या घरात बसविलेला मीटर कधी बोलतो, कधी बोलत नाही.

आता वेगाकडे वळू. घरच्या साध्या खटक्यावरून मोटार सुमारे २.३ किलोवॅटने भरते. चार स्वस्त तासांत नऊ युनिटे, म्हणजे साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरांची सोय. भिंतीवर बसविलेला स्वतंत्र चार्जर ३२ अँपिअरच्या जोडणीवर ७.४ किलोवॅट देतो. त्याच चार तासांत जवळजवळ तीस युनिटे, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. यावरून दिसून येईल की, स्वस्त दराचा पुरता लाभ स्वस्त तासांइतकाच तारेच्या जाडीवर अवलंबून आहे. आणि तारेचा प्रश्न आला की वितरण कंपनी येते, जी वीज विकणाऱ्या कंपनीहून वेगळी असते. ब्रिटनमधील जुन्या वस्त्यांत दोन घरांना मिळून रस्त्यावरून एकच केबल आलेली असते. अशा घरी चार्जर बसवावयाचा तर केबल वेगळी करावी लागते, आणि त्यासाठी कधी शेजाऱ्याचे अंगणही खणावे लागते. शेजारी राजी नसेल तर काम तेथेच थांबते.

चार्जरवर राज्यसंस्थेनेही नियम घातले आहेत. ३० जून २०२२ पासून घरगुती उपयोगासाठी विकला जाणारा चार्जर गर्दीच्या तासांत आपोआप सुरू होणार नाही अशा मूळ मांडणीने दिला पाहिजे, आणि त्याने दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब लावला पाहिजे. हा विलंब अनेकांना विचित्र वाटतो. पण साडेबाराच्या ठोक्याला लाखो मोटारी एकदम वीज मागू लागल्या, तर रात्रीची ओहोटी हीच नवी भरती होईल. दर स्वस्त केल्यामुळे मागणी सरकते ती एका कड्यासारखी सरळ उभी राहते. तिचा उतार करण्यासाठी ही दहा मिनिटे आहेत.

एवढे सर्व जुळल्यावर तरी लाभ निश्चित आहे का ? सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. साधा दर युनिटास २५ पेन्स, आणि मोटारीच्या योजनेत दिवसा २८ व रात्री ८ पेन्स. घराचा वार्षिक वापर ३,००० युनिटे, त्यातील दहावा भाग रात्रीचा. मोटारीला वर्षाला २,००० युनिटे. साध्या दराने एकूण खर्च १,२५० पौंड. नव्या योजनेत मोटार सर्वस्वी रात्री भरली तर ९४० पौंड. बचत ३१० पौंडांची. पण मोटार घरी वर्षाला ३०० युनिटेच घेत असेल, तर साध्या दराचे ८२५ आणि नव्याचे ८०४. बचत अवघी २१ पौंड. आणि तिसरी शक्यता : योजना बदलली, पण वेळ चुकीची लावल्याने मोटार वर्षभर दिवसाच्याच दराने भरली. मग खर्च १,३४० पौंड, म्हणजे बदल न करण्यापेक्षा ९० पौंडांनी अधिक. या गृहीत दरांत समतोलबिंदू एकूण वापराच्या पंधरा टक्क्यांवर येतो. घराच्या एकूण विजेपैकी याहून कमी वीज रात्री जात असेल, तर योजना बदलणे तोट्याचे. पुष्कळ ग्राहक केवळ आठ पेन्सांकडे पाहतात. घरातील दिवे, भट्टी आणि कपडे वाळविण्याचे यंत्र अठ्ठावीस पेन्सांवर गेले, हे त्यांना बिल आल्यावर कळते.

याशिवाय ही दरयोजना म्हणजे कंपनीशी केलेला करार असतो, हक्क नव्हे. २०२१ च्या उत्तरार्धात घाऊक इंधनाचे भाव भडकले आणि ब्रिटनमधील दोन डझनांहून अधिक लहानमोठ्या वीजकंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना नियामकाने दुसऱ्या कंपन्यांकडे सोपविले. वीज एक क्षणही खंडित झाली नाही, पण जुने दर मात्र गेले. आणि ज्याच्या घराला मोटार उभी करण्याची जागाच नाही, त्याला हा सर्व ऊहापोह निरुपयोगी आहे. तो रस्त्यावरच्या चार्जरवर अवलंबून राहतो, आणि घरगुती विजेवर पाच टक्के कर असताना तेथील विजेवर वीस टक्के भरतो. ही विषमता आम्हांस या विषयातील सर्वांत गंभीर बाब वाटते; मीटरचे दोष कालांतराने दूर होतील, अंगण नसण्याचा दोष तसा दूर होणारा नाही.

महाराष्ट्रात ग्राहकापुढे कंपन्यांची निवड बहुतांशी नसते, म्हणून बदल तो एकाच पुरवठादाराच्या दरपत्रकातील वर्गांमध्ये. येथील घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी, तीनशेपर्यंत अधिक, पाचशेपर्यंत त्याहून अधिक, आणि पुढे सर्वाधिक. घरच्या जोडणीवरून मोटार भरण्यास मुभा आहे व तिला घरगुती दरच लागतो, ही गोष्ट सोयीची दिसते. पण मोटारीची युनिटे नेहमी वरच्या टप्प्यात पडतात. पुन्हा केवळ उदाहरणादाखल पाच, दहा व पंधरा रुपये असे पहिल्या तीन टप्प्यांचे दर धरले, तर महिना २५० युनिटे वापरणाऱ्या घराचे बिल २,००० रुपये होते, म्हणजे युनिटास आठ रुपये. त्यात मोटारीची १५० युनिटे मिळविली की बिल ४,००० होते. गृहस्थ सरासरी काढतो ती दहा रुपयांची. वस्तुतः मोटारीच्या युनिटाला त्याला तेरा रुपये तेहतीस पैसे पडले आहेत.

यावर उपाय स्वतंत्र जोडणीचा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१८ साली चार्जिंगसाठी वेगळा वर्ग निर्माण केला, आणि ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या केंद्रीय नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने मोटारीसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याची तरतूद केली. परंतु वेगळी जोडणी म्हणजे वेगळा मीटर आणि वेगळा स्थिर आकार. महिना पन्नास युनिटे घेणाऱ्या मोटारीला तो आकारच बचत खाऊन टाकू शकतो. शिवाय पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थेत मीटरांची खोली एका टोकाला आणि मोटारीची जागा दुसऱ्या टोकाला असते. मधली केबल सामाईक जागेतून न्यावयाची म्हणजे संस्थेची संमती आली, आणि पहिल्या तीन सभासदांनी इमारतीचा मंजूर भार वापरून टाकला तर चौथ्याने काय करावे, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत निघाल्यावाचून राहत नाही. प्रत्येकाने वेगळी केबल ओढण्यापेक्षा संस्थेनेच एक सामाईक जोडणी घेऊन सभासदनिहाय उपमीटर बसविणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.

राहिला तासांचा प्रश्न, आणि येथे ब्रिटिश अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. २०२३ साली दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनी वेळेनुसार दर आकारण्याचे जे तत्त्व घालून दिले, त्यात स्वस्त ठरतात ते उन्हाचे तास : नेहमीच्या दराहून निदान वीस टक्के कमी. गर्दीच्या तासांत मात्र घरगुती ग्राहकालाही निदान दहा टक्के अधिक. सौरऊर्जेमुळे भारतात रिकामी क्षमता दुपारी सापडते. आणि दुपारी नोकरदाराची मोटार घराच्या खटक्यापासून दूर, कचेरीच्या आवारात उभी असते. संध्याकाळी सात वाजता तो घरी येतो आणि नेमक्या महाग वेळी केबल जोडतो. निदान मध्यरात्रीनंतरची वेळ लावून ठेवली, तर तो गर्दीचा दर टाळू शकेल. उन्हाच्या दराचा लाभ मात्र त्याला कचेरीच्या वाहनतळावर चार्जर बसेपर्यंत आठवड्यातून रविवारीच मिळेल.