छंद जुना, पण डोळे तेच नाहीत!

वयाची पन्नाशी आली, मुले मार्गी लागली, की तरुणपणी सुटलेला छंद पुन्हा खुणावू लागतो. कुणी पेटीवरची धूळ झटकतो, कुणी तिकिटांचा अल्बम काढतो. मी शर्यतीच्या मोटारींची छोटी मॉडेल्स पुन्हा जोडायला घेतली आहेत. १९८८ साली १६ पैकी १५ शर्यती जिंकणारी मॅक्लारेनची एमपी४/४ ही गाडी सुमारे ४.४ मीटर लांब होती. १:२० प्रमाणात ती अवघ्या २२ सेंटीमीटरची होते! साहजिकच तिच्यावरची अक्षरे तांदळाच्या दाण्याहून बारीक असतात.

अडचण सुरू होते ती इथेच. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. ही व्याधी नव्हे, वयोमान आहे. मात्र रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊन भागवू नये. नेत्रतज्ज्ञांकडे नंबर काढावा, त्याच वेळी डोळ्यांचा दाबही तपासून घ्यावा. आपण किती अंतरावर काम करतो, हे त्यांना आवर्जून सांगावे. वाचनाचा चष्मा या कामाला पुरेलच असे नाही. उजेड भरपूर घ्यावा. बारीक कामात पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. म्हणून दर वीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावे. मानेलाही तेवढाच आराम मिळतो.

दुसरा प्रश्न थिनरचा. काही थिनरमध्ये टोल्यूइनसारखी द्रव्ये असतात. बंद खोलीत त्यांची वाफ श्वासात गेली की डोके दुखते, गरगरते, मळमळते. पुष्कळजण याला पित्त समजून गोळी घेतात! आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वाफ अधिकच होते. रंगकाम खिडकी-दार उघडे ठेवून, शक्यतो गच्चीवर सावलीत करावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क ही वाफ अडवत नाही. घासकाम वॉटर पेपर ओला करून करावे, म्हणजे धूळ उडत नाही.

थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. घरात नातवंडे असतात. चुकून कुणी प्यायलेच तर उलटी करवू नये. थिनर फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन थेट सिव्हिल किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. गॅसची शेगडी व देवघरातील निरांजन यांपासूनही हे काम दूर हवे.

झटपट चिकटणाऱ्या डिंकाबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. तो सुती कापडावर सांडला तर जोराची रासायनिक क्रिया होऊन कापड एकदम तापते, कातडी भाजू शकते. आपले गाव चादरी-टॉवेलांचे. टेबलावर किंवा मांडीवर सुती टॉवेल अंथरण्याची सवय आपल्याला असतेच. त्याऐवजी काच किंवा फरशी वापरावी. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. डोळ्यात थेंब गेला तर कोमट पाण्याने भरपूर धुवा, पापण्या जबरदस्तीने उघडू नका, ॲसिटोन तर मुळीच लावू नका. लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

मधुमेही मंडळींनी ब्लेडच्या लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये. ब्लेड नेहमी बोटांपासून दूर चालवावे. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले, हेही आठवून पाहावे.

हे वाचून कुणी छंद सोडू नये. तासभर हात आणि मन एकाच कामात गुंतले, की दिवसभराची काळजी मागे पडते. फक्त एक लक्षात ठेवा : काम करताना अचानक धूसर दिसले, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तर काम तसेच ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गाडीचे चाक उद्याही बसवता येईल.