मुलांना अभिमान सांगताना

राग, भीती आणि आनंद हे विकार तान्ह्या मुलाच्याही चेहऱ्यावर वाचता येतात. अभिमान मात्र उशिरा येतो, कारण त्याच्यासाठी आधी मनात 'मी' उभा राहावा लागतो. आरशातले मूल आपणच आहोत हे मुलाला साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात उमगते आणि आपल्या कृतीचा आपणच निवाडा करण्याची शक्ती तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. मायकेल लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना काही सोपी, काही अवघड कामे दिली, तेव्हा अवघड काम साधल्यावर मुलांचा अभिमान अधिक दिसला आणि सोपे काम फसल्यावर लाज अधिक दिसली. ज्याला सदऱ्याची गुंडीही धड लावता येत नाही तो जीवसुद्धा फुकटचे श्रेय पदरात पाडून घेत नाही, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

मान वर, छाती पुढे, हात उंच, ही अभिमानाची मुद्रा कोणी शिकवावी लागत नाही. २००४ च्या अथेन्स येथील स्पर्धांत ज्यांनी जन्मापासून कोणाचाही विजय डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, अशा जन्मांध ज्यूदोपटूंनीही जिंकल्यावर हीच मुद्रा धारण केल्याचे जेसिका ट्रेसी व डेव्हिड मात्सुमोटो यांनी दाखवून दिले.

आणि तरीही आपल्या घरांतून, मूल शेफारेल या धास्तीने, त्याचे कौतुक त्याच्या माघारी करण्याचा दस्तूर आहे. दिवाळीत अंगणात किल्ला रचणारा सहा-सात वर्षांचा मुलगा आठवावा : कोपरापर्यंत चिखल, तटावर पेरलेले हळीव नुकतेच उगवलेले, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून नेत "हा बुरूज मी केला, दोनदा ढासळला होता" असे सांगण्याची त्याची घाई. या वेळी "पुरे झाली फुशारकी" म्हणून त्याला गप्प करणे हा माझ्या मते अन्याय आहे. कारण तो स्वतःची थोरवी गात नसून केलेल्या कामाचा हिशेब रुजू करीत असतो, आणि त्या हिशेबात दोनदा ढासळल्याची कबुलीही असते.

मग मुलाला गर्व समजावून द्यावा कसा? आपल्याकडे यासाठी गोरोबाकाकांच्या घरची कथा आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे उत्तर मिळताच ही मडकीही तपासा, असे त्या म्हणाल्या. थापटणे एकेकाच्या डोक्यावर बसत गेले, सर्वांनी मुकाट्याने सोसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. ही कथा मुलांना सांगताना एक गोष्ट अवश्य सांगावी : नामदेवांची भक्ती खोटी नव्हती, विठ्ठलाचे त्यांच्यावरील प्रेमही खोटे नव्हते, उणीव एवढीच की ते मोठेपण कोणी तपासून पाहिलेले त्यांना खपले नाही. पांडुरंगाकडे फिर्याद नेल्यावरही त्यांना विसोबा खेचरांकडे शिकायला जावे लागले. ज्या मुलाला "तुझा बुरूज जरा कललाय" असे सांगितले असता तो वाकून पाहतो, त्याचा अभिमान निकोप आहे; जो रुसून किल्लाच मोडतो, त्याच्याशी सावकाश बोलायला हवे.

बहुधा ही नाजूकता आपणच निर्माण केलेली असते. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात, "तू हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुले पुढील अवघड प्रश्नांपुढे लवकर खचली, आणि आपले गुण इतरांना कळवताना त्यांच्यापैकी कितीतरी अधिक मुलांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीबद्दल वाखाणलेली मुले टिकून राहिली. म्हणून "हुशार माझं बाळ" म्हणण्याऐवजी "ढासळल्यावर पुन्हा कसा उभा केलास रे?" असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत तिथेच बसावे.

वडिलांचा हुद्दा, घराण्याचे नाव, दारातली मोटार यांचा तोरा मिरवणाऱ्या मुलालाही हाच प्रश्न, तितक्याच मायेने, विचारता येतो : यातले तू काय केलेस? मुले याचे उत्तर फार प्रामाणिकपणे देतात, आणि उत्तर 'काहीच नाही' असे आले तर त्याला लाजवू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती स्वतःचे असे एखादे काम द्यावे.