इसिस, बोको हरामकडे तरुण का गेले? जगाने काय केले?

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती स्फोटकांनी उडवल्या. तो व्हिडिओ आजही आपल्या ग्रुपवर फिरतो आणि खाली हमखास कोणीतरी लिहितो, "यांना ठेचलेच पाहिजे." राग मलाही येतो. पण नुसते ठेचून काय होते, याचा वीस वर्षांहून अधिक अनुभव आता जगाकडे आहे.

अमेरिकेवरील हल्ल्यानंतर सतरा दिवसांत, २८ सप्टेंबर २००१ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ मंजूर केला. दहशतवाद्यांचा पैसा रोखा, कायदे करा, असे सर्व देशांवर बंधन आले. दहशतवाद कशाला म्हणायचे, हे मात्र ठरावात नाही. ते प्रत्येक सरकारने आपापल्या सोयीने ठरवले. आपल्या यूएपीए कायद्याच्या प्रास्ताविकेत याच ठरावाचा उल्लेख आहे. त्याच कायद्याखाली डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, एनआयएसमोर हजर झाले आणि अडीच वर्षे तुरुंगात राहिले.

२०१४ मध्ये इसिसकडे परदेशी तरुणांची रीघ लागली. आपल्या कल्याणमधूनही चौघे गेले. तेव्हा ठराव क्रमांक २१७८ आला. दहशतवादी कारवायांसाठी परदेशी जाणे हा गुन्हा ठरवा, आणि भरती थांबवण्यासाठी कुटुंबे, धर्मगुरू, स्थानिक समाज यांना सोबत घ्या, असे दोन्ही त्यात होते. सरकारांना पहिले सोपे वाटते. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि त्यावर मतेही मिळत नाहीत.

भरती का होते? यूएनडीपीने आफ्रिकेत बोको हराम, अल शबाब यांसारख्या संघटनांत स्वतःहून गेलेल्या ४९५ जणांशी बोलून २०१७ मध्ये अहवाल दिला. ७१ टक्के जणांनी शेवटचा धक्का म्हणून सरकारी कारवाईकडे बोट दाखवले: घरच्या माणसाला किंवा मित्राला मारले, उचलून नेले. ५७ टक्के जणांना धर्मग्रंथ फारसे किंवा अजिबात कळत नव्हते. नायजेरियात बोको हरामचा संस्थापक मोहम्मद युसूफ २००९ मध्ये पोलीस कोठडीत मारला गेला. संघटना संपली नाही, अधिक हिंस्र झाली.

डेन्मार्कच्या आर्हुस शहरात पोलीस आणि नगरपालिकेने वेगळा मार्ग धरला. सीरियाहून परतलेल्यांपैकी ज्यांच्यावर गुन्हा सिद्ध होईल त्यांच्यावर खटला; बाकीच्यांना समुपदेशन, शिक्षण, नोकरी, आणि सोबतीला एक मार्गदर्शक. २०१३ मध्ये तिथून सुमारे तीस जण सीरियाला गेले होते, २०१४ मध्ये एक. सगळे श्रेय या योजनेलाच देता येणार नाही, आणि छोट्या श्रीमंत देशाला जे परवडते ते नायजेरियाला परवडेलच असे नाही. गेलेल्यांपैकी बरेच जण एकाच मशिदीत जाणारे होते. ती बंद करा, अशी राजकारण्यांची मागणी होती. पोलिसांनी मात्र तिथल्या लोकांशी बोलणे चालूच ठेवले.